अर्ध्या गोळीचा साक्षीदार

मित्रांनो, माझ्यावर कोणी पाय ठेवला तर मला मुळीच राग येत नाही. पाय ठेवून घेणं हाच माझा जन्मभराचा धंदा आहे. मी एक जुना वजनकाटा. खाली बिडाची जाड बैठक, वर काळं रबर चिकटवलेली फळी, समोर बशीएवढी तबकडी आणि तिच्यात लाल काटा. थोडा गर्विष्ठ आहे, हे आधीच कबूल करतो. पण आजवर मी एकदाही खोटं बोललेलो नाही, मग मान ताठ ठेवायला काय हरकत आहे?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने माझ्यावर आधी वीस किलोचं वजन ठेवलं, मग चाळीस, मग साठ, आणि दर वेळी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. मला शून्यावर आणायचा स्क्रू त्याने सतरा वेळा तरी फिरवला असेल. शेवटी पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा, आता तू कोणाच्या बापाला घाबरू नकोस."

मग बावीस वर्षं मी एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, मुलांच्या वॉर्डात नोकरी केली. लहान मुलांना औषध किती द्यायचं हे त्यांच्या वजनावर ठरतं, त्यामुळे माझा शब्द तिथे शेवटचा असे. "त्या जुन्या काट्यावर घ्या, तो नेमका आहे," असं मोठे डॉक्टर म्हणत आणि माझी छाती फुगे. पुढे एक दिवस बॅटरीवर चालणारा, आकडे चमकवणारा नवा काटा आला. मला उचलून जिन्याखाली टाकलं. शेजारी तीन पायांचं स्टूल आणि एका चाकाची खुर्ची. कोणीतरी माझ्यावर रंगाचा डबा ठेवून गेलं. आठ महिने मी त्या डब्याचं साडेचार किलो वजन दाखवत बसलो. एवढा कंटाळवाणा पेशंट मला आयुष्यात दुसरा भेटला नाही.

तिथून मला बाहेर काढलं ते एका सिस्टरनी. ठेंगण्या, तुरुतुरु चालणाऱ्या आणि कोणाचंही ऐकून न घेणाऱ्या. शहराबाहेर, दोन बसगाड्या बदलून जावं लागे अशी एक वस्ती होती. तिथल्या बऱ्याच जणांना फिट येत. कोणी त्याला आकडी म्हणे, कोणी झटके, डॉक्टर अपस्मार म्हणत. औषध होतं, पण ते आमच्या हॉस्पिटलात, म्हणजे जायला-यायला सगळा दिवस. माणसं दोन-तीन महिने यायची आणि मग थकून घरी बसायची. घरी बसलं की गोळी बंद, आणि गोळी बंद की झटके सुरू. सिस्टर म्हणाल्या, "ते येऊ शकत नाहीत ना? मग आपण जाऊ." त्यांनी वरिष्ठांच्या डोक्याशी सहा महिने कटकट करून परवानगी मिळवली. मला उचलताना स्टोअरवाला हसला. "हे भंगार नेऊन काय करणार?"

"मीही रिटायरच व्हायला आलेय," सिस्टर म्हणाल्या. "आमचं जमेल."

वस्तीत दवाखान्यासाठी जागा नव्हती. एका लाँड्रीला रुंद ओसरी होती, तिथे दर दुसऱ्या गुरुवारी सिस्टर बसू लागल्या. डॉक्टर महिन्यातून एकदा येत. बसच्या हिसक्यांनी माझा काटा दोनदा शून्यावरून हलला, म्हणून सिस्टरनी मला तिथेच, लाँड्रीत, मुक्कामाला ठेवलं. गुरुवारी मी ओसरीत, सगळ्यांच्या पुढे. एरवी आत, इस्त्रीच्या टेबलाखाली. दुकान आणि घर एकच असल्यामुळे त्या घरातलं मला सगळंच दिसे आणि ऐकू येई.

घर तीन बायकांचं. लाँड्री चालवणारी आई, तिची नऊ वर्षांची मुलगी आणि मुलीची आत्या. मुलीचे बाबा जहाजावर कामाला होते, ते वर्षातून एकदा येत. आत्या त्यांची थोरली बहीण. समोरच्या गल्लीत शिवणकामाचं वर्कशॉप होतं, तिथे ती काजं करायच्या मशीनवर बसे. मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. ती मला "काटेराव" म्हणायची. शाळेतून घरी बसवल्यापासून तिला बोलायला मीच सापडलो होतो. माझ्यावर उभी राहून ती पोट आत ओढायची आणि विचारायची, "काटेराव, कमी झालं का?" अगं, वजन पोटात नसतं, सगळ्या अंगात असतं, हे तिला कोण सांगणार?

भिंगरीला फिट येत. उभ्या उभ्या तिचे डोळे फिरत, अंग ताठ होई आणि ती धाडकन पडे. भोवती तीन तापलेल्या इस्त्र्या. एकदा तिचा हात भाजला, तो व्रण मी रोज पाहायचो. शाळेत एकदा ती जिन्यावर पडली, तेव्हा मुख्याध्यापिका घाबरून म्हणाल्या, "हिचे झटके थांबू देत. सलग दोन महिने एकही झटका आला नाही, की घेऊन या."

भिंगरीने ते मनावर घेतलं. दाराच्या मागे ती खडूने रोज एक रेघ ओढू लागली. साठ रेघा झाल्या की शाळा. झटका आला की ओल्या फडक्याने सगळं पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. सिस्टरनी माझ्यावर तिचं वजन केलं, बावीस किलो, आणि त्यावरून डॉक्टरांनी गोळी ठरवली. सकाळी एक, संध्याकाळी एक. "एकही चुकवायची नाही, मनाने बंद करायची नाही," सिस्टरनी आईला बजावलं. आई मान डोलावत होती.

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे ते सांगताना अजूनही मला कसंतरी होतं.

औषध सुरू होऊन आठवडा झाला असेल. दुपारची वेळ होती, भिंगरी मागे कपडे वाळत घालत होती. आईने मला टेबलाखालून ओढलं, माझ्या रबरावर गोळी ठेवली आणि ब्लेडने तिचे नेमके दोन तुकडे केले. एक तुकडा भिंगरीच्या डबीत गेला. दुसरा कागदात. तेवढ्यात आत्या जेवायच्या सुट्टीत घरी आली.

"वन्सं, ही घ्या," आई म्हणाली.

"पण वहिनी, ही भिंगरीची तर नाही ना?"

"छे हो! सिस्टरनी जास्तीच्या दिल्यात. घ्या मुकाट्याने."

तेव्हा मला उलगडा झाला. आत्यालाही फिट येत होत्या! लहानपणापासून. त्यापायी तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि आधीची एक नोकरी गेली होती. इथल्या वर्कशॉपमध्ये तिने कोणाला कळू दिलं नव्हतं. झटका येणार असं वाटलं की ती डोकं दुखतंय म्हणून घरी पळायची. एकदा धुण्याच्या टाकीशी ती पडली आणि फक्त आईने पाहिलं. तेव्हापासून आईच्या जीवाला घोर लागला होता, वन्सं मशीनवर पडल्या तर? गोळीने लेकीला बरं वाटणार, तर वन्संनाही वाटेल, एवढाच तिचा साधा हिशेब. तिच्या मनात पाप नव्हतं हो. पण माझ्यासारख्या डोसावर आयुष्य काढलेल्या काट्याला ते पाहवेना. बावीस किलोच्या पोरीला लागणाऱ्या गोळीचा अर्धा तुकडा! तो तिला पुरेना, आणि पन्नास किलोच्या बाईला तर त्याने काय होणार?

मी ओरडणार कसा? मला फक्त आकडा दाखवता येतो.

दाराच्या मागे रेघा वाढायच्या आणि पुसल्या जायच्या. अकरा झाल्या, पुसल्या. चौदा झाल्या, पुसल्या. एकदा एकोणीस झाल्या तेव्हा भिंगरीने दप्तर झटकून ठेवलं, आणि विसाव्या दिवशी ती इस्त्रीच्या टेबलापाशीच कोसळली. आईने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली चादरींचा गठ्ठा सरकवला आणि घड्याळाकडे पाहत रडत बसली. शुद्धीवर आल्यावर भिंगरी उठली आणि स्वतःच फडकं ओलं करून आणलं. माझ्याकडे तिने त्या दिवशी पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या गुरुवारी सिस्टर फोनवर डॉक्टरांशी बोलत होत्या. "गोळी वजनाप्रमाणे आहे, रिकामी पाकिटं परत येतात, तरी झटके थांबत नाहीत. डोस वाढवायचा म्हणता? थांबा जरा." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "काय रे, तूच चुकतोयस की काय?"

मी चुकतोय? मी! बावीस वर्षांच्या नोकरीत असा अपमान झाला नव्हता. सिस्टरनी दुकानातलं साबणाच्या पावडरचं पाच किलोचं न फोडलेलं पोतं माझ्यावर ठेवलं. पाच. दुसरं ठेवलं. दहा. आता बोला! "नाही बाबा, तू बरोबर आहेस," त्या म्हणाल्या आणि सांडलेली पावडर पुसायला फडकं घेऊन माझ्यावर वाकल्या. तिथेच त्यांचा हात थांबला.

माझ्या रबरावर बारीक, सरळ चिरा होत्या. चाळीस-पन्नास तरी असतील, सगळ्या एकाच जागी. चिरांत पांढरा चुरा अडकलेला. सिस्टरनी तो नखाने काढला, बोटावर चोळून पाहिला आणि आत येऊन हळू आवाजात विचारलं, "ताई, खरं सांगा. गोळी कोण कापतंय?"

आईच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. एक अभ्रा करपायला लागला तेव्हा सिस्टरनीच इस्त्री उचलून बाजूला ठेवली. मग आईने सगळं सांगितलं, अगदी घडाघडा. सिस्टर रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्या खाली बसल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, माझ्या पेटीत गोळ्या कमी नाहीत. मागायला माणूस कमी पडतंय. एकीला पुरेशी नाही आणि दुसरीलाही नाही, असं किती दिवस चालवणार होतात?"

दारात आत्या उभी होती. ती केव्हा आली कोणालाच कळलं नव्हतं.

"म्हणजे इतके दिवस मी लेकराच्या तोंडची गोळी खात होते?" एवढं बोलून ती मटकन बसली आणि तोंडावर पदर घेऊन हुंदके देऊ लागली. आईही रडायला लागली. सिस्टर त्या दोघींच्या मध्ये बसून राहिल्या.

रडून झाल्यावर आत्या म्हणाली, "मी येते सिस्टर, तपासा मला. पण येऊ कशी? ओसरीसमोरून अर्धं वर्कशॉप येत-जात असतं. आमच्या मालकीणबाईंचे कपडे इथेच इस्त्रीला येतात. त्या काट्यावर उभी राहिले की झालं, सगळी वस्ती म्हणणार, हिलाही फिट येतात. नोकरी गेली तर आम्ही खायचं काय?"

"मग तुम्हाला मागच्या दाराने आत घेते."

"आत घेतलंत तर अजूनच कळेल!"

हे अगदी खरं होतं. आणि मित्रांनो, मला त्या दिवशी पहिल्यांदा माझी लाज वाटली. ओसरीत सगळ्यांच्या पुढे बसण्यात मी मोठा मान समजत होतो. पण गुरुवारी माझ्यावर चढायचं म्हणजे आपला आजार चव्हाट्यावर मांडायचा, असं वस्तीला वाटत होतं. किती माणसं मला लांबूनच पाहून परत गेली असतील, कोण जाणे.

सिस्टर एकदम उठल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पुढच्या गुरुवारी डॉक्टर येणार आहेत. त्या दिवशी सगळ्यांचंच वजन."

आणि तसंच झालं! वस्तीभर निरोप गेला की गुरुवारी फुकट तपासणी, लहान-मोठे सगळे या, फिट असो वा नसो. आधी माझ्यावर उभं राहायचं, मग आत डॉक्टरांकडे पाच मिनिटं. बाहेर येताना प्रत्येकाच्या हातात कागदी पाकीट. कोणाच्या पाकिटात रक्तवाढीच्या गोळ्या, कोणाच्या मलम, कोणाच्या नुसतीच सल्ल्याची चिठ्ठी. पाकिटं मात्र सगळी सारखी. कोणाला काय मिळालं हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

पहिला नंबर वर्कशॉपच्या मालकीणबाईंनी लावला. चपला काढल्या, घड्याळ काढलं, कानातलं काढलं आणि शेवटी चष्माही काढला. मग आकडा दिसेना म्हणून पुन्हा चढवला. आकडा पाहून म्हणाल्या, "हा काटा बिघडलाय." रांग खो खो हसली. मी मनातल्या मनात त्यांना माफ केलं.

आत्या एकोणतिसावी. तिने पाऊल ठेवलं तेव्हा माझा काटा थरथरला. मग ती स्थिर उभी राहिली. "एकावन्न," सिस्टर म्हणाल्या, आधीच्या बाईला जितक्या सहज म्हणाल्या होत्या तितक्याच सहज. आत्या आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातातल्या पाकिटात तिच्या स्वतःच्या वजनाची, तिच्या स्वतःच्या नावाची अख्खी गोळी होती. संध्याकाळी डॉक्टर सिस्टरना म्हणाले, "आज आणखी तिघांनी हळूच तेच सांगितलं." मला वाटलं होतं, वस्तीत एकटी आत्याच लपवतेय!

त्या दिवसापासून माझ्यावर ब्लेड लागलं नाही. दाराच्या मागे रेघा वाढत गेल्या. एकोणीस झाल्या, वीस झाल्या. तिसाव्या रेघेला आईने शिरा केला, पण भिंगरी म्हणाली, "इतक्यात नको, नजर लागेल." चौतिसाव्या दिवशी एक लहानसा झटका आला, जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली आणि भिंगरीने पुन्हा फडकं ओलं केलं. तेव्हा सिस्टरचाच धीर सुटला. "पुरे झाल्या या रेघा," त्या म्हणाल्या. "झटका येतो म्हणून पोरीला शाळेबाहेर ठेवायचं हे कुठलं शहाणपण?" त्यांनी मला हातगाडीवर घातलं आणि भिंगरीला घेऊन थेट शाळा गाठली. मुलांची वजनं करायची आहेत हे निमित्त. खरं काम वेगळंच होतं.

सगळ्या शिक्षकांना गोळा करून त्यांनी भिंगरीला जमिनीवर झोपवलं. "ही पडली असं समजा. काय कराल?" एका शिक्षिकेने सांगितलं, तोंडात चमचा घालू. "मुळीच नाही! तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूचं टोकदार सामान दूर करा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवा. नाहीतर शांतपणे जवळ बसा." भिंगरीने पडल्या पडल्या असे काही हातपाय झाडले की सिस्टरना तिला थांबवावं लागलं. "बास गं, ऊठ आता."

"अजून पाच मिनिटं कुठे झालीत?" ती डोळे मिटूनच म्हणाली.

सगळ्यांच्या आधी मुख्याध्यापिकाच हसल्या. हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "उद्या दप्तर घेऊन ये," त्या म्हणाल्या. भिंगरीने तिथल्या तिथे माझ्यावर उडी मारली. तेवीस किलो! माझी स्प्रिंग कळवळली, पण मी चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर तिला झटका आलेला मी पाहिला नाही. गोळी अजून चालू आहे, डॉक्टर सांगतील तोवर चालू राहणार आहे. आता सिस्टरच्या पिशवीत एक पातळ, काचेचा नवा काटाही असतो. मधल्या दिवसांत आई माझ्यावर कपड्यांचे गठ्ठे तोलते. पूर्वी मला हा अपमान वाटला असता. आता नाही वाटत. गठ्ठे बिचारे निदान पोट तरी आत ओढत नाहीत.

एवढंच सांगून थांबलो असतो, पण मागचा गुरुवार सांगायलाच हवा. सगळ्यांचंच वजन करायचा रिवाज तेव्हापासून चालूच होता, आणि रांग लागली होती. दुसऱ्या वस्तीतून एक वयस्कर बाई आपल्या सुनेला घेऊन आली होती. सुनेचा चेहरा ओढणीत झाकलेला. माझ्याजवळ येताच बाई थबकली आणि सिस्टरच्या कानाशी लागली. "इथे नको हो, माणसं बघतात. आम्ही नंतर येतो." सून वळलीच होती.

रांगेत पुढे आत्या उभी होती आणि तिच्या मागे मालकीणबाई. आत्याने एकदा मालकीणबाईंकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "काकू, जाऊ नका. मलाही फिट येतात. तीस वर्षं लपवल्या. या, माझ्या आधी या."

आई आतून धावत दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. मालकीणबाई आत्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई! आणि मी तुला काजाच्या मशीनवर बसवत होते? हात अडकला असता म्हणजे? उद्यापासून शिवलेले कपडे तपासायच्या टेबलावर बस. पण काम दुप्पट घेईन हं, सांगून ठेवते."

आत्याला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. मग सुनेचा हात धरून तिला माझ्यावर उभं केलं. सुनेने ओढणी बाजूला केली. "चव्वेचाळीस," सिस्टरनी आकडा वाचला, आणि पूर्ण रांगेतल्या एकानेही नजर चोरली नाही.

मित्रांनो, फिट येणं हा कोणाचा गुन्हा नाही. तो आजार आहे आणि त्यावर औषध आहे. तुमच्या घरात, वर्गात, गल्लीत कोणी तो लपवत असेल, तर त्याच्यासाठी दुसऱ्याची गोळी कापू नका. त्याचा हात धरा आणि त्याला रांगेत आणून उभं करा. रांग लांबली तर लांबू दे. त्या गुरुवारी सिस्टरची शेवटची बस चुकली, तरी शेवटच्या माणसाला तपासल्याशिवाय त्या उठल्या नाहीत.